प्रार्थनेचा विषय

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कुणी कुणाचा केसाने गळा कापला, की पहिला प्रश्न विचारला जातो तो ज्याचा कापला त्यालाच. "क्षमा केलीस ना गं?" विचारणाऱ्या बाईचा हात आपल्या खांद्यावर असतो, डोळ्यांत कळकळ असते आणि नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं तर आपण ख्रिस्ती कसले? हो म्हटलं की विषय मिटला. ज्याने कापला त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. विचारलं तर वाद होईल, वाद झाला तर मंडळीची साक्ष, म्हणजे बाहेरच्यांपुढचं नाव, बिघडेल, आणि नाताळ तोंडावर आलेला असतो. आमच्याकडे नाताळ किंवा पुनरुत्थान दिन (ईस्टर) कायमच तोंडावर आलेला असतो.

मला या घाईबद्दल लिहायचंय. घातापेक्षा ती घाई मला जास्त दिवस सलत राहिली.

आमची गोष्ट तशी लहान आहे. माझा मुलगा कॉलेजात असताना दारूच्या नादी लागला आणि शेवटी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं. (तो आता बरा आहे, नोकरी करतो. हे लिहायला त्याची हरकत नाही, उलट "लिहीच" म्हणाला.) माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं, सासरी तर नाहीच. सांगितलं ते एकाच व्यक्तीला. आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं संडेस्कूलचे वर्ग घेतले, गायनवृंदात शेजारी उभ्या राहिलो, एकमेकींच्या बाळंतपणात डबे पोचवले. केंद्रात भेटायला जायच्या दिवशी ती माझ्यासोबत यायची. मी आत असेपर्यंत बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहायची, परतताना रिक्षात माझा हात घट्ट धरून पुटपुटत प्रार्थना करायची. ते सोंग नव्हतं. सोंग असतं तर आज तिला विसरणं सोपं गेलं असतं.

मग एका गुरुवारी कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग होती. गाणी झाली, वचन झालं, प्रार्थनेचे विषय विचारले गेले. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची बदली. सगळ्यांनी डोळे मिटले. तिची पाळी आली तेव्हा ती भरल्या गळ्याने म्हणाली, "प्रभू, आपल्यातल्या एका कुटुंबासाठी, त्यांच्या एकुलत्या एका मुलासाठी, जो वाईट व्यसनात सापडला आहे..." नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. आमच्या मंडळीत त्या वयाचे एकुलते मुलगे कितीसे असणार? मी डोळे उघडले. समोरच्या सतरंजीवर दोघी जणी डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होत्या. नजरानजर होताच दोघींनी ते पटकन मिटले. प्रार्थना संपल्यावर मीही सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणाले. सवयीने.

काही महिन्यांनी पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची, निवडणूक आली. माझ्या नवऱ्याचं नाव सुचवलं गेलं होतं, तिच्या नवऱ्याचंही. सभेत तिच्या नवऱ्याने बोलायची परवानगी मागितली आणि पवित्र शास्त्र (बायबल) उघडून पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, अशा अर्थाचं ते वचन आहे. वाचलं आणि खाली बसला. टीकाटिप्पणी काही नाही. माझ्या नवऱ्याने उठून नाव मागे घेतलं. घरी आल्यावर त्याने शर्ट बदलला, जेवला, झोपला. त्या सभेबद्दल आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही.

मी तिच्याकडे गेले. एकटीच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तसंच सांगितलंय: आधी एकांतात जा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीपुढे मांड. तिने चहा ठेवला. मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, मी प्रार्थनाच तर केली." यावर काय बोलणार? चुगली केली असती तर चुगली म्हणता आलं असतं. मग ती रडली, खूप रडली, आणि निघताना दारात म्हणाली, "तू मनात ठेवणार नाहीस, माहितीये मला. तुझं मन मोठं आहे."

बाहेरच्या माणसाला हे सगळं चहाच्या कपातलं वादळ वाटेल. एक मैत्रीण गेली, दुसरी मिळेल. पण आमच्या लोकांची घडण निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. नंतरच्या पिढ्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांच्यापैकी कित्येकांचं गोत एका रात्रीत तुटलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंशीही त्यांची ताटातूट झाली, ती कित्येक वर्षं. टिळकांचं नाव मोठं म्हणून ते आपल्याला माहीत. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी हेच निमूट सोसलं. भाऊबंद गेले, पंगत गेली, पाणवठा गेला. त्या जागी मंडळी आली. सोयरीक मंडळीतच, बारसं मंडळीतच, खांदा द्यायला मंडळीच, आणि पुरायची जागाही त्याच कंपाउंडच्या भिंतीआड. त्यामुळे आमच्यात "प्रभूमध्ये बहीण" हे नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. ती खरोखरच चुलतमावस कुणीतरी निघते. अशा ठिकाणी मैत्रीण उलटली की गावच उलटल्यासारखं होतं, आणि दुसरं गाव नसतं.

शिवाय ख्रिस्ती मैत्रीत आपण एकमेकांपुढे पाप कबूल करतो. याकोबाच्या पत्रात तसा आदेशच आहे. म्हणजे आपली दुखरी जागा कुठे आहे ते समोरच्याला आपण स्वतः बोट ठेवून दाखवलेलं असतं, तेही देवाला साक्षी ठेवून. शत्रूला ती शोधावी लागते.

पवित्र शास्त्रातल्या पंचावन्नाव्या स्तोत्राच्या कर्त्याला हे नेमकं ठाऊक होतं. तो म्हणतो, वैऱ्याने निंदा केली असती तर सोसली असती, द्वेष्टा उठला असता तर लपून बसलो असतो. पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. आपण गोड बोलत होतो, घोळक्याबरोबर देवाच्या मंदिरात चालत जात होतो. हा मंदिरात चालत जाण्याचा उल्लेख मी पूर्वी शंभरदा वाचला असेल. त्या गुरुवारनंतर वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

या स्तोत्रातली एक ओळ आमच्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे. "आपला भार परमेश्वरावर टाक." कॅलेंडरवर, चौकटीवर, वाढदिवसाच्या कार्डावर, सकाळच्या मेसेजमध्ये, मागे सूर्योदय. ती ओळ बाविसावी. तिच्या आधीच्या एकवीस ओळी कुणी छापत नाही. त्यांत माणूस थरथरतो आहे, मला पारव्याचे पंख असते तर उडून रानात गेलो असतो म्हणतो आहे, दिवसरात्र कण्हतो आहे. पंधराव्या ओळीत तर तो त्या लोकांवर मरण येवो, ते जिवंतपणीच अधोलोकात उतरोत, असं सरळ मागतो. एकविसाव्यात म्हणतो, त्याचं तोंड लोण्यासारखं मऊ होतं आणि मनात लढाई होती. आणि मग कुठे बाविसावी. संडेस्कूलमध्ये मुलांकडून मीही फक्त बाविसावीच पाठ करून घेत आले. मुलांना पंधरावी शिकवावी असं माझं म्हणणं नाही. पण मोठ्यांना ती आहे एवढं तरी माहीत हवं. पवित्र शास्त्रात शिव्याशापांना जागा आहे, आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये नाही.

परंपरेने या स्तोत्रातला मित्र म्हणजे अहिथोफेल मानतात. दावीद राजाचा सल्लागार. त्याचा सल्ला म्हणजे देवाला कौल लावल्यासारखा, अशी त्याची ख्याती होती. दावीदाचा मुलगा अबशालोम याने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा हा अबशालोमाला जाऊन मिळाला. पुढे आपला सल्ला मानला गेला नाही हे दिसताच घरी गेला, घराची नीट व्यवस्था लावली आणि गळफास घेतला. आस्तनीतला निखारा म्हणून हा माणूस प्रवचनात नेहमी येतो. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातले दोन तुकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. अकराव्या अध्यायात बथशेबा ही अलीयामाची मुलगी आहे. तेविसाव्यात दावीदाच्या वीरांच्या यादीत अलीयाम हा अहिथोफेलाचा मुलगा आहे. दोन्ही अलीयाम एकच असतील, तर अहिथोफेल बथशेबाचा आजा ठरतो. दावीदाने त्याची नात ओढून नेली आणि नातजावयाला, उरीयाला, लढाईच्या तोंडी देऊन मारलं. उरीयाने स्वतःच्या मरणाचं पत्र स्वतःच्या हाताने सेनापतीकडे नेलं, राजावर भरवसा ठेवून. त्या वीरांच्या यादीत शेवटचं नाव त्याचंच आहे.

याचा अर्थ अहिथोफेल बरोबर होता असा नाही. पण हे वाचल्यावर माझ्या मैत्रिणीबद्दल मी पहिल्यांदा राग सोडून दुसरा विचार केला. तिच्या नवऱ्याचं नाव आधीच्या दोन निवडणुकांत पडलं होतं. आमच्या घरातली माणसं मात्र दोन पिढ्या कमिटीवर होती. ती मला कधी बोलली नाही, पण तिला ते टोचत नसेल कशावरून? तिचं वागणं त्याने धुऊन निघत नाही. फक्त ते आभाळातून पडलेलं राहत नाही.

येशूला धरून देणाऱ्या त्याच्या शिष्याबद्दल, यहूदाबद्दल, मात्र मला असं काही सुचत नाही. तीस रुपये मिळाले म्हणून केलं, की सैतान शिरला म्हणून, की आणखी काही मनात होतं, शुभवर्तमानं एकसारखं सांगत नाहीत. त्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीत मला रस आहे तो प्रभूच्या वागण्यात. तो गप्प बसला नाही. योहान सांगतो की तो आत्म्यात व्याकूळ झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्यातला एक जण मला धरून देईल. मत्तयात आहे, ज्याने माझ्याबरोबर ताटात हात घातला तो. जेवणाची वेळ, सणाची रात्र, बारा जण टेकून बसलेले, आणि त्याने विषय काढला. आमच्या मंडळीत असता तर कुणीतरी म्हणालं असतं, "गुरुजी, आज नको, वल्हांडण आहे."

पेत्राचंही तसंच. या शिष्याने प्रभूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, मुख्य याजकाच्या अंगणात, कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेता घेता. पुनरुत्थानानंतर प्रभू त्याला तिबिर्याच्या समुद्राकाठी भेटला, तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी भाजत होती. आधी जेवू घातलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहानाने नमूद केलंय. वाईट वाटणारच. झाकून ठेवलेली जागा कुणी पुन्हा पुन्हा दाबली तर कळ येते. "जुनं उकरून काढू नये" हा आमच्या वडीलधाऱ्यांचा लाडका सल्ला प्रभूने तिथे पाळलेला दिसत नाही. पेत्राच्या हाती मेंढरं पुन्हा सोपवली ती त्यातल्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरानंतर, आधी नाही.

मंडळीच्या इतिहासात या दुखण्याची एक गोष्ट आहे, ती वाचताना मला अंगावर काटा येतो. विल्यम टिंडेल मूळ ग्रीक आणि हिब्रूतून इंग्रजी पवित्र शास्त्र तयार करत होता. इंग्लंडात ते करणं धोक्याचं, म्हणून अँटवर्पमध्ये थॉमस पॉइंट्झ नावाच्या व्यापाऱ्याच्या आसऱ्याला राहिला. तिथे हेन्री फिलिप्स नावाचा तरुण त्याच्या ओळखीचा झाला. शिकलेला, बोलका, देखणा. टिंडेल त्याला घरी आणू लागला, जेवू घालू लागला, आपली पुस्तकं दाखवू लागला. पॉइंट्झला संशय आला, टिंडेलला नाही. १५३५ च्या मे महिन्यात एके दिवशी फिलिप्सने पाकीट हरवल्याचं सांगून त्याच्याकडून ४० शिलिंग उसने घेतले. मग दोघे जेवायला निघाले. घरातून रस्त्यावर यायला अरुंद बोळ, दोन माणसं शेजारीशेजारी मावत नाहीत असा. टिंडेल त्याला म्हणाला, तू पुढे हो. फिलिप्सने आग्रह करकरून त्यालाच पुढे घातलं. तोंडाशी शिपाई बसवलेले होते. फिलिप्स उंच होता, टिंडेल बुटका. मागून येणाऱ्या फिलिप्सने टिंडेलच्या डोक्यावरून बोट खाली करून दाखवलं: हाच.

ही हकीकत जॉन फॉक्स या इंग्रज लेखकाने लिहून ठेवली. तो म्हणतो, शिपायांनाही त्या माणसाच्या भाबडेपणाची कीव आली. मला ते उसने घेतलेले पैसे विसरता येत नाहीत. पकडून द्यायचं ते द्यायचं, पण त्याच दिवशी पैसेही घ्यायचे. आणि पॉइंट्झ? त्याने टिंडेलला सोडवायला जिवाचं रान केलं, तर फिलिप्सने त्याच्यावरही आरोप केले. पॉइंट्झ स्वतः कैदेत पडला, कसाबसा निसटला, धंदा मात्र बुडाला. विश्वासघाताच्या गोष्टीत असा एक मित्र बहुतेक वेळा असतो, आणि त्याच्यावर प्रवचन होत नाही. माझ्या बाबतीत त्या शेजारच्या काकू. ख्रिस्ती नाहीत. मुलाला नेलं त्या रात्री त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. आजतागायत त्यांच्या तोंडून चाळीत एक अक्षर फुटलेलं नाही.

टिंडेलला ब्रसेल्सजवळ विल्वोर्डच्या किल्ल्यात वर्षाहून जास्त काळ ठेवलं. तिथून लिहिलेलं त्याचं एक लॅटिन पत्र टिकून आहे. डोक्याला थंडी वाजते, एक ऊबदार टोपी द्या. अंगातला कोट पातळ आहे, जाड कोट द्या. पायमोज्यांना ठिगळ लावायला कापड द्या. संध्याकाळी अंधारात एकट्याने बसणं जड जातं, दिवा द्या. आणि सगळ्यात जास्त म्हणजे हिब्रू पवित्र शास्त्र, व्याकरण आणि शब्दकोश द्या. पत्रात फिलिप्सचं नाव नाही. एका पाळकसाहेबांनी हे "परिपूर्ण क्षमेचं उदाहरण" म्हणून सांगितल्याचं मला आठवतं. मला तसं वाटत नाही. त्याला थंडी वाजत होती आणि काम अपुरं होतं, इतकंच त्या पत्रातून दिसतं. १५३६ च्या ऑक्टोबरात त्याचा गळा आवळून देह जाळण्यात आला.

प्रेषित पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र असंच आहे. तोही तुरुंगात, हिवाळा जवळ आलेला. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि त्याच दहाबारा ओळींत माणसांचा हिशोब. देमास मला सोडून गेला. आलेक्सांद्र तांबटाने माझं पुष्कळ वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून जपून राहा. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कुणीही माझ्या बाजूने उभं राहिलं नाही, हे त्यांच्याकडून मोजलं जाऊ नये. मार्काला बरोबर आण, तो उपयोगी आहे. हा मार्क म्हणजे पूर्वी अर्ध्या वाटेवरून परत गेलेला, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं कडाक्याचं बिनसलं होतं तो. काहींना माफ, एकाला परत घेतलं, एकाचं नाव घेऊन इतरांना सावध केलं. प्रत्येकाला वेगळं माप. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी मिळते.

आणखी एक गोष्ट. प्रभुभोजनाच्या आधी आमच्याकडे मत्तयाचा पाचवा अध्याय हमखास वाचतात: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाशी काही बिनसल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर. वाचताना बायका माझ्याकडे बघतात. पण मूळ वचनात काय आहे ते नीट वाचा. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं तुला आठवलं तर. म्हणजे उठून जायचं ते ज्याने दुखावलं त्याने. मी माझ्या बाकावर बसून राहते. भाकर घेते, प्याला घेते.

मी क्षमा केली का? कधीकधी केलेली असते. एखाद्या गुरुवारी नसते. किती वेळा क्षमा करावी यावर प्रभूने सांगितलेला सत्तर वेळा सात हा आकडा बहुधा अशाच लोकांसाठी आहे, ज्यांना एकच अपराध पुन्हा पुन्हा माफ करावा लागतो. पण पूर्वीसारखं तिला घरातलं सांगणं होणार नाही, आणि त्यासाठी मला कुणी कच्ची ख्रिस्ती ठरवलं तर ठरवो. गेल्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तिचा मेसेज आला, "कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी." खाली क्रूसाचं चित्र. तोच मेसेज माझ्या नणंदेलाही आला होता, आणि तिची या बाईशी जेमतेम ओळख आहे.

मध्यंतरी नवे पाळकसाहेब आले. महिला मंडळाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली, की दुसऱ्याच्या घरचा विषय त्या घराला विचारल्याशिवाय प्रार्थनेत मांडायचा नाही, नाव घेऊन नाही आणि नाव न घेताही नाही. बरीच खळबळ झाली. एकीने विचारलं, "प्रार्थनेला आता परवानगी लागणार का?" दुसरी म्हणाली, "पवित्र आत्म्याने सुचवलं तर?" एक वयस्कर आत्या कानातलं यंत्र नीट करत म्हणाल्या, "अगं पण मग गुरुवारी बोलायचं तरी काय?" सगळ्या हसल्या, मीही.

मंडळाची सेक्रेटरी तीच आहे. इतिवृत्ताची वही पुढे ओढून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुझी सूचना नेमकी कशी लिहू?" मी शब्दन् शब्द सांगितली. "नाव न घेताही नाही" हे तिने एकदा परत विचारून घेतलं, लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आहे.